गोजरबाईची ओली लाकडं

सावरटेकच्या कुस्त्यांच्या दंगलीत गोजरबाईच्या हातचे मिरचीचे भजे खायचे, तर माणसाजवळ दोन गोष्टी लागत: पोटात भूक आणि घरी कसलंही काम नसणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, शाळेपुढच्या मैदानात कुस्त्या व्हायच्या. नांदुऱ्याकडचे, मोताळ्याकडचे पहिलवान यायचे, त्यांच्यामागं त्यांची अख्खी गावं यायची, आणि एवढ्या तोंडांसाठी चूल एकच. सकाळी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या चालू असताना ज्यानं भजे मागितले, त्याच्या हातात द्रोण पडेपर्यंत चांदीच्या कड्याची शेवटची कुस्ती तोंडावर आलेली असायची. त्यातही चार मागितले तर तीन यायचे, कारण चौथा पुढच्या घाण्यात असायचा.

हे अठरा वर्षं चाललं होतं. तेवढ्या काळात बुलढाणा जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला, त्यालाही सात वर्षं झाली, पण गोजरबाईचा घाणा काही लवकर निघाला नाही. कोणी तोंड वाकडं केलं की ती पदर सावरून म्हणायची, "काय करू भाऊ, लाकडं ओली हायेत." पोळ्याचे दिवस, आभाळ गळतंय, लोकांना ते पटायचं.

आता खरं काय ते ऐका. लाकडं ओली नव्हती. वर्षभर गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेलं खडखडीत वाळलेलं सरपण होतं ते. पण मैदानात चांगली कुस्ती लागली की ही बाई चुलीतलं लाकूड हळूच बाहेर ओढायची. तेल थंड व्हायचं, भजे कढईत नुसते पोहायचे, आणि गोजरबाई हातात झारा धरून गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून आखाड्याकडं बघत राहायची. कुस्ती निकाली झाली की लाकूड परत आत. अठरा वर्षांत सावरटेकच्या आखाड्यात लागलेली एकही मोठी कुस्ती तिच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि हे तिची जाऊ शालूबाई सोडून काळ्या कुत्र्यालाही ठाऊक नव्हतं. भज्यांची चूल तिनं मांडली होती तीच मुळी कुस्त्या पाहण्यासाठी.

तिचा बाप निवृत्ती वस्ताद. खामगावच्या अंगाला एका खेड्यात तालीम चालवायचा. आखाड्याची माती मऊ राखायला तिच्यात ताक, तेल, हळद घालावी लागते. ते ताक घरून तालमीत न्यायचं काम लहानग्या गोजराचं. ताकाची चरवी ठेवायची आणि कोपऱ्यात टेकून बसायचं, कोणी हटकत नसे. कंबर आत घालून ढाक कशी मारतात, पायाला धरून पट कसा काढतात, खांदा टेकला आणि टेकता टेकता राहिला यांत काय फरक, हे तिला पाटीवरच्या अक्षरांआधी समजायला लागलं. बारावं लागलं आणि एक दिवस बाप म्हणाला, "आता ताक तुहा भाऊ नेत जाईन." पोर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, कारण भूक लागली होती.

लग्न होऊन सावरटेकला माळ्याच्या घरात आली. पहिल्या दंगलीला ती घराच्या धाब्यावर चढून बघायला लागली, तर सासूनं खालून शिडी काढून घेतली. बायांनी आखाड्याकडं फिरकायचं नाही, असा रिवाज. मग चार-पाच वर्षं गोजरबाईनं नुसतं डफडं ऐकलं. शेवटी एका साली मळ्यात मिरची उदंड आली तेव्हा ती नवऱ्याला भोळेपणानं म्हणाली, "एवढी मिरची काय करायची? दंगलीत भजे तळते ना मी." नवऱ्याला ती बाई कामाची वाटली. मैदानाच्या कडेला लिंबाखाली जरा उंचवटा होता, चूल तिनं नेमकी तिथंच मांडली, आखाडा समोर येईल अशी. भजे विकणाऱ्या बाईला कोण म्हणणार, इकडं काऊन पाहतेस म्हणून?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रंगराव हवालदार पेन्शनीत आले.

रंगरावांनी वीस वर्षं मिलिटरीत काढली होती. गावात आल्याबरोबर लोकांनी त्यांना दंगलीच्या कमिटीचे सेक्रेटरी केलं, शेवटच्या कुस्तीचे पंचही केलं, कारण शिट्टी त्यांच्याजवळ होती. पण त्याच्या आधीच्या साली, सुट्टीवर आलेले असताना, त्यांच्यासोबत एक प्रकार घडला होता. ते भज्यांसाठी गोजरबाईच्या चुलीपुढं गर्दीत उभे राहिले, तिनं ऐनवेळी लाकूड ओढलं, आणि कड्याची कुस्ती हवालदारांच्या पाठीमागं सुरू होऊन पाठीमागंच संपली. हातात भजे आले तेव्हा माणसं घरी निघाली होती. हे दुःख ते विसरले नव्हते.

"आमच्या लंगरमधी पाचशे जवान अर्ध्या घंट्यात जेवतात," त्यांनी कमिटीत सांगितलं. "अन् अठी एका बाईच्यानं शंभर मानसाले भजे होत नाहीत. काऊन? लाईन नाही म्हनून."

त्यांनी हुकूम काढला. चूल शाळेच्या भिंतीमागं जाईल, म्हणजे गर्दी मैदानात येणार नाही. दोर बांधून लाईन लागेल, एकामागं एक, मध्ये घुसणं बंद. आणि लाकडांची तक्रार नको म्हणून हवालदारांनी आपल्या घरची बाभळीची वाळलेली एक मोळी स्वतः आणून टाकली.

"आता पाहू घाणा कसा लवकर निघत नाही तं," ते म्हणाले.

गोजरबाईनं मोळीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. चांगली पुरुषभर उंच दगडी भिंत. त्या साली कड्याची कुस्ती गावच्या इंद्रभानची आणि रोहिणखेडच्या महादेव पहिलवानाची होती. दोघं मागच्या तीन वर्षांत एकमेकांपुढं आलेच नव्हते, आणि ती कुस्ती पाहण्यासाठी गोजरबाई महिनाभरापासून दिवस मोजत होती.

"तुम्ही म्हनसान तसं, भाऊ," ती म्हणाली.

करीच्या दिवशी सकाळी चूल भिंतीमागं पेटली. बाभूळ ती, धडधडून पेटली, आणि पहिला घाणा इतका लवकर निघाला की शालूबाईची मिरची चिरता चिरता तारांबळ उडाली. भिंतीपलीकडं डफडं वाजायला लागलं. आरोळी उठली. गोजरबाईचा झारा थांबला, मान आपोआप वर गेली, समोर दगड. परत आरोळी उठली.

"कोन पडलं वो?" तिनं शालूबाईला विचारलं.

"मले काय दिसते? मी का उंट हाव?" शालूबाई म्हणाली.

गोजरबाईच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. धुरानं आलं म्हणायचीही सोय नव्हती, हवालदारांच्या लाकडाला धूरच नव्हता. चाळिशीच्या बाईनं कुस्तीसाठी रडावं हे तिचं तिलाच कसंतरी वाटलं, म्हणून तिनं डोळे पुसले आणि लाईनीकडं नीट पाहिलं. आणि पाहता पाहता तिला हसू आलं.

कारण लाईन नावाची गोष्ट सावरटेकला तशी ठाऊक होती. रेशनच्या दुकानापुढं ती रोज लागायची, पण पिशव्यांची. पिशव्या लाईनीत, माणसं सावलीत. पिशवीला ना सोयरा असतो ना जावई, म्हणून ती लाईन नीट सरकते. इथं मात्र हवालदारांनी पहिल्यांदाच जिवंत माणसं एकामागं एक उभी केली होती, आणि तीही दंगलीच्या दिवशी, जेव्हा अर्धं मैदान पाहुण्यांनी भरलेलं असतं. कोणाचा कोण लागतो हे गोजरबाईला अठरा वर्षं भजे वाटून तोंडपाठ झालेलं.

सगळ्यात पुढं होते रामराव. तिनं द्रोण भरला, पुढं केला, आणि हात तसाच ठेवून गोड आवाजात म्हणाली, "रामरावभाऊ, तुमच्या मांगं थे साखरखेर्ड्याचे पाव्हने ना? सत्यभामाबाईचे भासरे?"

रामरावांनी वळून पाहिलं. सत्यभामाबाई त्यांची धाकटी बहीण, भासरे म्हणजे तिचा थोरला दीर. बहीण दिलेल्या घरचा थोरला माणूस आपल्या पाठीमागं भुकेला उभा, आणि आपण पुढं द्रोण घेतोय. रामराव घामाघूम झाले.

"पाव्हने, तुम्ही अगोदर या."

"नाही नाही, तुमचा नंबर हाये."

"असं कसं? आमचा नंबर कसा काय?"

हे पाच मिनिटं चाललं. शेवटी पाहुणे पुढं आले. गोजरबाईनं तोच द्रोण त्यांच्यापुढं केला आणि मान जराशी तिरपी केली. "पाव्हने, तुमच्या मामेसासऱ्यासारखं कोनी दिसून राह्यलं बा मांगं."

पाहुण्यांनी वळून पाहिलं.

त्यानंतर गोजरबाईला फार बोलावंही लागलं नाही. एकदा वाट दाखवली की माणसं आपलं आपण करतात. प्रत्येकजण आपल्या मागं कोण आहे ते आधी बघायला लागला, आणि मागं कोणी ना कोणी निघायचंच: काका, व्याही, मालकांच्या घरचे, कोणाचा नवा जावई. पुढचा मागं जायचा, मागचा पुढं येऊन परत मागं वळायचा. भजे परातीत डोंगराएवढे झाले, थंड झाले, आणि घेणारा कोणी नाही. सकाळी पहिले असलेले रामराव दुपारी एकतिसावे होते. "माह्या जल्मात मी इतकं मांगं कधी गेलो नाही," ते कोणाला तरी सांगत होते.

लाईन वाढली. भिंतीला वळसा घालून मैदानात शिरली आणि आखाड्यात यायच्या वाटेवर जाऊन आडवी झाली. पहिलवानांना आत यायला जागा राहिली नाही. तेव्हा हवालदार शिट्टी वाजवत आले.

"काय चाललं हे? भजे तयार हायेत, मानसं तयार हायेत. मंग?"

"मी तं देऊनच राह्यली," गोजरबाई म्हणाली. "लाकडं एकदम मस्त हायेत तुमची."

हवालदारांनी सगळ्यांना शिस्तीवर भाषण दिलं. मग म्हणाले, लाईन कशी लावतात ते मी दाखवतो, आणि स्वतः सगळ्यात पुढं येऊन ताठ उभे राहिले. "नातं-गोतं घरी. लाईनमधी फकस्त नंबर. द्या."

गोजरबाईनं द्रोण भरला. भरता भरता तिनं फक्त हवालदारांच्या खांद्यावरून मागं पाहून डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मोठ्या माणसापुढं ओढतात तसा.

हवालदार वळले. मागं वडनेर भोलजीचे नारायणराव उभे होते, त्यांचे व्याही. हवालदारांची एकुलती एक लेक चार महिन्यांपूर्वी त्यांच्या घरी दिली होती.

"घ्या, घ्या रंगराव," नारायणराव आभाळाकडं पाहत म्हणाले. "नातं-गोतं घरी. बरोबर हाये तुमचं."

वीस वर्षांच्या मिलिटरीला जे जमलं नाही ते या एका वाक्यानं केलं. हवालदारांची छाती खाली बसली. ते बाजूला झाले, नारायणरावांना पुढं केलं. नारायणरावांसोबत भाऊकीतले सहा जण होते, त्यांनाही पुढं करावं लागलं. सातव्याच्या मागं ज्यांच्या छड्या खाऊन रंगराव शिकले ते म्हातारे मास्तर निघाले. असं होत होत हवालदार पार शेपटाला, आखाड्याच्या वाटेपाशी येऊन पोचले. तिथं रामराव होतेच.

"या हवालदार," रामराव म्हणाले. "अठी हवा चांगली लागते."

कड्याच्या कुस्तीची वेळ झाली होती. पंच लाईनीच्या शेवटी, पहिलवान लाईनीपलीकडं, आणि अर्ध्याअधिक गावाच्या हातात काही नाही. हवालदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. त्यांना आठवलं, आधी चुलीपुढं घोळका असायचा, पण बहुतेक लोक आखाड्याभोवती बसल्या जागेवरून ओरडून भजे मागायचे. उशीर व्हायचा, पण बसलेले तरी असायचे. बसलेल्या माणसाच्या मागं-पुढं कोणी नसतं.

"उचला थे कढई," त्यांनी हुकूम सोडला. "न्या लिंबाखाली. पहिल्या जागी."

"पन हवालदार, शिस्त?" गोजरबाईनं विचारलं.

"चाल बाई, उचल."

तेल निवेपर्यंत थांबले, मग कढईच्या कड्यांतून बांबू घालून दोघांनी ती नेली. गोजरबाई परात डोक्यावर घेऊन मागं निघाली. शालूबाई म्हणत होती की एवढी जोरानं चालणारी जाऊ तिनं पोळ्याच्या बैलांमागंही पाहिली नाही. लिंबाखाली चूल पेटली, तेल तापलं, पहिला घाणा पडला, आणि समोर इंद्रभान आणि महादेव मातीला हात लावून आखाड्यात उतरले. गोजरबाईनं लाकूड ओढलं.

काय कुस्ती होती ती. इंद्रभान अंगानं दणकट, महादेव चपळ. पहिली दहा मिनिटं नुसती ताकदीत गेली. मग इंद्रभाननं पट काढायला हात घातला, महादेवनं पाय मागं घेतला. इंद्रभाननं ढाक मारली, ती अर्धी लागली. आणि मग एकदम धोबीपछाड. महादेव इंद्रभानच्या पाठीवरून गेला आणि मातीत आदळला.

गाव नाचायला लागलं. डफडं वाजलं. इंद्रभानला खांद्यावर घ्यायला पोरं आत धावली. पण रोहिणखेडकरांनी आखाड्यात उड्या घेतल्या: चीत नाही, दुसरा खांदा टेकला नाही. सावरटेककर म्हणाले टेकला. हवालदार पंच, पण ते नेमके इंद्रभानच्या पाठीकडं होते, त्यांना त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसलं नव्हतं. बाह्या वर गेल्या. कोणीतरी कोणाची तरी काठी मागितली.

"या बाजूनं कोनी पाह्यलं?" हवालदार लिंबाच्या अंगाकडं वळून ओरडले.

"टेकला, टेकला," त्या बाजूचं सगळं गाव एकसुरात म्हणालं.

गोजरबाईनं पाहिलं होतं. अगदी समोरून. महादेव उजव्या खांद्यावर पडला होता, डावा चार बोटं अधर राहिला होता, आणि त्याच क्षणी पोरं मध्ये घुसली.

"डावा टेकला नाही," ती पुटपुटली.

"चूप बस," शालूबाईनं तिच्या हाताला धरलं. "आपला मानूस हाये. अन् तू बोलली तं समद्याईले समजन तू काय करत होती थे. मंग जनमभर भिंतीमांगं."

हे गोजरबाईला कळत नव्हतं असं नाही. आज दिवसभर एवढा खटाटोप करून मिळवलेली जागा, तोंड उघडलं की गेली. तिनं झाऱ्याकडं पाहिलं. मग तिला तालमीचा कोपरा आठवला, आणि बापाचा आवाज. खांदा टेकला नसताना टेकला म्हणणाऱ्या पोराला निवृत्ती वस्ताद महिनाभर मातीला पाय लावू देत नसे.

"हवालदार," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "डावा खांदा नाही टेकला. चार बोटं अधर होता."

मग गावातलाच एक म्हणाला, "तू भजे तळ ना वो काकू. तुले काय समजते?"

गोजरबाईला आता राग आला. "मले काय समजते? पट काढाले गेला तवा तुह्या पहिलवानाचं डोस्कं बाहेर राह्यलं, म्हनून पाय निसटला. ढाक मारली तं कंबर आत नेली नाही, म्हनून अर्धी लागली. धोबीपछाड चांगली मारली, पन मानूस पडल्यावर त्याच्यावर वजन टाकाले उशीर केला, तेवढ्यात त्यानं डावा खांदा उचलून धरला. निवृत्ती वस्तादाची लेक हाव मी. अठरा साल अठी उभी राहून मी का भजे पाहून राह्यली होती?"

हवालदार हळूहळू चालत चुलीपाशी आले. त्यांनी कढईत पाहिलं: भजे थंड तेलात पोहत होते. चुलीत पाहिलं: बाभळीचं वाळलेलं लाकूड बाहेर ओढून राखेत ठेवलं होतं. मागच्या सालची कुस्ती त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी.

"म्हनजे मांगच्या साली लाकडं..."

"ओली होती," गोजरबाई म्हणाली.

हवालदारांनी राखेतल्या लाकडाकडं परत एकदा पाहिलं. मग परत गेले, शिट्टी वाजवली आणि कुस्ती पुन्हा लावली. पुन्हा लागलेल्या कुस्तीत महादेवनं सहाव्या मिनिटाला इंद्रभानला दोन्ही खांद्यांवर नीट निजवला. यावेळी कोणाला काही विचारावं लागलं नाही.

कडं रोहिणखेडला गेलं. सावरटेकचे लोक लिंबाकडं न बघता घराकडं निघाले, आणि परातभर भजे तसेच राहिले. गोजरबाई मान खाली घालून चूल विझवत होती. तेवढ्यात मातीनं माखलेला इंद्रभान एकटाच येऊन तिच्यासमोर बसला.

"काकू, दे चार," तो म्हणाला. आणि पहिला खाऊन झाल्यावर खालच्या आवाजात, "अधर होता. मले हाताले लागलं होतं."

मग एक एक करून दुसरेही परतले. सगळ्यात शेवटी हवालदार आले. ते बसले नाहीत, ताठ उभे राहिले आणि कमिटीचा हुकूम सांगावा तशा आवाजात बोलायला लागले.

"गोजरबाई, पुढच्या सालापासून चूल अठीच. पन एक अट हाये. कुस्ती चालू असताना भजे तळायचे नाहीत. अजिबात नाही. पंचाले कोनाले तरी इचारा लागते."

गोजरबाईनं पदराआड तोंड नेलं. "मंग लोकं ताटकळतीन ना, भाऊ."

"ताटकळू दे," हवालदार म्हणाले, आणि आपला द्रोण घेऊन व्याही कुठं बसलेत ते आधी पाहून मग खाली बसले.